झेब्राफिशच्या भ्रूणांवर औषध तपासताना आधी कंट्रोल बघा

औषधानं गर्भात व्यंगं येतात का, हे आम्ही झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर तपासतो. लॅबमध्ये नवीन कुणी आलं की पहिले दोन आठवडे मी त्यांना औषधाच्या बाटलीला हात लावू देत नाही. आधी नुसती अंडी जगवून दाखवा, म्हणते.

संध्याकाळी टाकीत मध्ये पडदा घालून नर-मादी वेगळे ठेवा. फुगीर पोटाची ती मादी. सडपातळ, पिवळसर झाक असलेला तो नर. तळाला जाळी हवी. जाळी नसेल तर काचेच्या गोट्या टाका, नाहीतर आईबापच अंडी मटकावतात. सकाळी दिवा लागला की पडदा काढा. अंडी गाळून स्वच्छ ई-थ्री द्रावणात (भ्रूण वाढवायचं क्षारांचं पाणी), 28.5 अंशांवर ठेवा. बुरशी टाळायला मेथिलीन ब्लू हा निळा रंग घालतात, पण औषधाच्या प्लेटमध्ये ते नको, तेही रसायनच. मग मायक्रोस्कोपखाली पांढरी पडलेली, न फळलेली अंडी वेगळी करा. फळलेली 70 टक्क्यांहून कमी असतील तर अख्खी बॅच टाकून द्या. जीव चुटपुटतो, पण टाका.

24 खणांची प्लेट घ्या. एका खणात एक भ्रूण, 2 मिलिलीटर द्रावण. 20 खण औषधाचे, 4 औषध नसलेल्या साध्या द्रावणाचे; हेच कंट्रोल, तुलनेसाठी. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर तेवढंच डीएमएसओ असलेली, पण औषध नसलेली वेगळी प्लेटही हवीच.

आता माझी फजिती. व्हॅल्प्रोइक अॅसिड या अपस्माराच्या औषधाच्या वरच्या डोसमध्ये सगळे भ्रूण एका रात्रीत मेले आणि मी खुशीत आलेख काढायला बसले. सरांनी एकच विचारलं, "पीएच बघितलास?" पीएच 4 च्या आसपास होता. पिल्लं आंबटपणानं मेली होती. तेव्हापासून प्रत्येक द्रावणाचा पीएच आधी मोजते, 7 च्या जवळ आणते आणि मगच भ्रूण सोडते.

मेलेलं ओळखणं सोपं: अंडं गोठलेलं, सोमाइट (पाठीलगतचे स्नायूंचे खंड) नाहीत, शेपूट बलकापासून सुटलेली नाही, 48 तासांनी हृदयाचे ठोके नाहीत. खरं काम जिवंत पिल्लांत असतं. हृदयाभोवती साचलेलं पाणी, वाकडी पाठ, बारके डोळे, खुरटलेले छातीचे पर. मारणाऱ्या डोसच्या कितीतरी खालीच व्यंगं दिसू लागली, तर ते औषध संशयास्पद. दोन्ही डोस जवळजवळ असतील तर ते सरसकट विष असण्याचीच शक्यता जास्त.

गरोदरपणात घेतल्यानं बाळांमध्ये व्यंगं आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचं उदाहरण मी नेहमी देते. उंदरांमध्ये त्याची व्यंगं सहसा दिसत नाहीत. झेब्राफिशमध्ये मात्र पर खुरटतात, आणि 2010 मध्ये जपानी संशोधकांनी सेरेब्लॉन या प्रथिनाशी त्याचा संबंध याच माशात दाखवला. पण हे औषध पाण्यात लवकर फुटतं, म्हणून द्रावण वरचेवर बदला. अंड्याचं कवचही कधी आड येतं; प्रोनेज हे प्रथिनं तोडणारं विकर वापरून ते काढता येतं.

नोंदी घेताना प्लेटवरची नावं झाकून मैत्रिणीला आकडे टाकायला सांगा. डोस माहीत असला की मला प्रत्येक पाठ जरा वाकडीच दिसते.