चॅनेलवाल्यांचा बूम (माईक) समोर आला की...

विजयाचा गुलाल अजून कानामागे असेल, तर आमदारसाहेब, हे आत्ताच वाचून घ्या. मी बरीच वर्षं नेत्यांच्या प्रेसनोटा लिहिल्या आणि बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) चालू असताना कॅमेऱ्यामागे उभं राहून घाम पुसला.

प्रश्न पुरता ऐकायचा. मध्येच तोडलात, तर कापून दाखवलेल्या बाईटमध्ये प्रश्न उरत नाही, तुमचा चढलेला आवाज तेवढा उरतो. आणि उत्तर आपल्या भाषेत द्यायचं, समोरचा हिंदीत विचारो की इंग्रजीत. २६/११ नंतर आर. आर. आबा पाटील हिंदीत बोलले, मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात अशा अर्थाचं, आणि गृहमंत्रिपद गेलं. आपल्या तासगावच्या मराठीत आबा तसं बोलले असते असं मला वाटत नाही.

जीभ घसरलीच तर ‘वक्तव्याचा विपर्यास केला’ हे पालुपद नको. क्लिप प्रत्येकाच्या खिशात असते. एप्रिल २०१३, दुष्काळ, इंदापूर तालुक्यातली सभा. धरणाच्या पाण्यावरून अजित पवार काय बोलले ते सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी माफी मागितली, वर कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेशाला बसले. नाटक म्हणा हवं तर. पण बारामतीच्या कार्यकर्त्याला टपरीवर बोलायला एक वाक्य मिळालं: ‘दादा चुकले, दादांनी मान्य केलं.’ मी प्रत्येक उत्तर याच मापाने मोजतो. उद्या सकाळी चहा पिताना आपला माणूस ते मान वर करून सांगू शकेल का?

आपली माणसंही दोन जातीची. गाडीतली आणि गावातली. पत्रकाराला झापलंत की गाडीतली खूश, लगेच स्टेटसला ‘वाघ’. गावातला म्हणतो, ‘साहेब एवढे तापले, म्हणजे काहीतरी आहे.’

इथे मला हमखास ऐकवतात की २००७ मध्ये मोदी पत्रकार करण थापरांची मुलाखत अर्ध्यावर सोडून उठले, तरी डिसेंबरात गुजरात जिंकलं. खरंय. पण तिथे प्रश्न २००२च्या दंगलींचा होता आणि लोक आधीच बाजू ठरवून बसले होते. तुमच्या पाणीयोजनेच्या रखडलेल्या बिलावर कोणी बाजू घेऊन बसलेलं नसतं. तिथून उठलात की पळालात.

बाईट संपल्यावर पीएला ‘कसं झालं?’ विचारू नका, तो ‘एक नंबर, साहेब’च म्हणणार. तुम्हाला मत न दिलेल्या एखाद्या नातेवाइकाला फोन लावा.

ज्या पत्रकाराने घेरलं त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला तर उचला. माहिती नसेल तर ‘पाचपर्यंत सांगतो’ म्हणा, आणि पाचच्या आत सांगा. सहानंतर त्याची बातमी तुमच्याविनाच लागते.