बडोद्याच्या जुन्या मोडी कागदावरची तारीख अचूक कशी लावायची

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही मोडी कागदांची बोचकी निघतात. मजकूर लागायला वेळ लागतो. आधी तारीख लावा. बडोद्यात एका वर्षाची चूक फार महागात पडते, कारण मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिशांनी पदच्युत केलं ती सगळी घडामोड एकाच सुहूर सनात, म्हणजे एका मृगापासून पुढच्या मृगापर्यंत, उरकली.

कागद हाताळताना: पुसायला ओलं फडकं अजिबात नको. काजळीची शाई डिंकावर धरलेली असते, पाणी लागलं की पसरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरात मुरतो. बोचक्यातला कागदांचा क्रम मोडण्याआधी मोबाइलने फोटो काढा, कारण मागचा-पुढचा कागद हाच पुष्कळदा तारखेचा पुरावा ठरतो.

आता तारीख. ‘सु॥’ दिसलं की पुढे सुहूर सन आहे असं समजा. तो अरबी शब्दांत, एकं आधी आणि हजार शेवटी असा लिहितात.

एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९.
दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०.
मया १००, मयातैन २००, अलफ १०००.

समजा, ‘सु॥ खमस सबैन मयातैन व अलफ’ असं आहे. ५ + ७० + २०० + १००० = १२७५. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १२७५ हा सन जून १८७४ ते जून १८७५ असा पसरतो. नुसते ५९९ मिळवून ‘१८७४’ लिहून मोकळे झालात तर घोटाळा झालाच.

कारण याच सनात, नोव्हेंबर १८७४ मध्ये, बडोद्यातले ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाला आणि त्याचा आळ मल्हाररावांवर आला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. मग कमिशन बसलं. त्यातल्या तिघा इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी ठरवलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना मात्र गुन्हा शाबीत झाला असं वाटलं नाही. तरीही एप्रिलमध्ये, गैरकारभाराचं कारण पुढे करून, मल्हाररावांना गादीवरून काढलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न उचलून धरला. संस्थानिकाची गादीसुद्धा साहेबाच्या मर्जीवर आहे, हे लोकांना उघड दिसलं. २७ मे रोजी सयाजीरावांना गादीसाठी दत्तक घेतलं, तेव्हाही सन १२७५ च चालू होता! म्हणून सनावर थांबू नका, महिना शोधाच. ‘छ’ आणि पुढे मोहरम, रजब असं काही आलं तर ती मुसलमानी चांद्र तिथी. ती पंचांग-कोष्टकावरून लावा.

‘मयातैन’मधला ‘तैन’ ओळीच्या टोकाला चिरडला जातो किंवा वाळवीने खाल्लेला असतो. तो सुटला की कागद थेट शंभर वर्षं मागे जातो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द तोडलेले नसतात. त्यामुळे ‘सित’ आणि ‘सितैन’, ‘तिसा’ आणि ‘तिसैन’ असे शब्द शेवटापर्यंत वाचूनच ठरवा.

शालिवाहन शक असेल तर सोपं: चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९.

संवतात मात्र गाव पाहावं लागतं. बडोद्याच्या पेढ्यांवर संवत कार्तिकात बदलतो: कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, जानेवारी ते आश्विन ५६ वजा. ग्वाल्हेरकडे तो चैत्रात बदलतो. म्हणून वैशाख संवत १९३१ म्हणजे बडोद्यात १८७५, तर ग्वाल्हेरच्या सोयऱ्याच्या पत्रात १८७४. शिवाय वद्य पक्षात तिकडे महिन्याचं नाव एकाने पुढे असतं: आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा ज्येष्ठ वद्य. वरची २७ मे ही तारीख अशाच वैशाख वद्यातली.

शेवटी मजकुरातली माणसं ताडून पाहा. दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी दिसले तर कागद जानेवारी १८७५ च्या पुढचा नाही, टी. माधवराव दिसले तर मल्हाररावांच्या काळातला नाही. हिशेब आणि नाव जुळत नसेल तर आधी महिना पुन्हा वाचा, चूक बहुधा तिथेच सापडते.

लावलेली तारीख पाकिटावर पेन्सिलने लिहा, मूळ कागदावर नको. शेजारी मूळ अरबी शब्द जसेच्या तसे उतरवा, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.