बंद यंत्रमाग शेडमध्ये १० मीटर एअर रायफल रेंज: पहिली मांडणी

रायफल कोणती घ्यायची, हे सगळे आधी विचारतात. तो प्रश्न शेवटचा. आधी जागा, मग छर्रे अडवणारा ट्रॅप, मग उजेड.

सोलापुरातली यंत्रमागाची लांबट शेड या कामाला चांगली. आत ५० फूट सलग लांबी हवी: नेमाचे १० मीटर म्हणजे ३३ फूट, नेमबाज, बाक आणि ये-जा यांना १२, उरलेले लक्ष्यामागे. नियमाने लेनला, म्हणजे एका नेमबाजाच्या पट्ट्याला, किमान १ मीटर रुंदी लागते. २५ फुटांत सहा लेन ऐसपैस बसतात. भाडं ठरवण्याआधी शेजारचे माग चालू असताना जा आणि पाण्याने भरलेलं ताट फरशीवर ठेवा. पाणी थरथरत असेल तर जागा सोडा. तीच थरथर उभ्याने नेम धरणाऱ्याच्या पायांतून वर चढते. लक्ष्याच्या बाजूला दार-खिडकी असेल तर विटांनी बुजवा.

अंतर फायरिंग लाइनच्या (नेमबाज जिच्यामागे उभा राहतो ती रेघ) नेमबाजाकडच्या कडेपासून कार्डाच्या, म्हणजे लक्ष्याच्या कागदाच्या, दर्शनी बाजूपर्यंत मोजायचं, फरक ५ सेंटिमीटरच्या आत. टेप भिंतीपर्यंत लावली की ट्रॅप फूटभर पुढे येतो आणि सगळ्या लेन आखूड निघतात. लक्ष्याचा मध्य नेमबाज उभा राहतो त्या फरशीपासून १.४० मीटर उंच हवा. जुन्या फरशीला बहुधा उतार असतो, म्हणून उंची गवंड्याच्या लेव्हल नळीनेच घ्या.

ट्रॅपला हात आखडू नका. ३ मिमीचा लोखंडी पत्रा ४५ अंशांत बसवा, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली. छर्रा आपटून खालच्या ट्रेमध्ये पडतो. पत्रा सरळ उभा ठेवला तर शिशाचे कण उलटे येतात. मागे विटांची भिंत हवीच. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जाड सोलापुरी चादर चार पदरी करून टांगा, पण सैल. पत्रा चुकवून आलेल्या छऱ्याचा जोर लोंबती चादर खाते. ताणून खिळली तर तो आरपार जातो. छर्रे शिशाचे, ४.५ मिमीचे, चपट्या डोक्याचेच. टोकदार छऱ्याने कार्ड फाटतं आणि गुणांवरून वाद होतात. स्टीलच्या गोळ्यांना दारातच मनाई, त्या परत उसळतात.

कार्डावर किमान १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, तोही सगळ्या लेनला सारखा. छतातून येणारं ऊन झाका. ऊन-सावली बदलली की नेम वर-खाली सरकतो. हलक्या दर्जाच्या एलईडीचा लुकलुकाट डोळे थकवतो. लाइट इन्व्हर्टरवर घ्या. कूलरचा झोत लेनवर आला की कार्ड फडफडतं, त्यामुळे तो पाठीमागे, बाकांकडे वळवा.

४.५ मिमीच्या आणि २० जूलच्या (छऱ्याची ऊर्जा) आतल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. रेंज चालवायला मात्र कोणते कागद लागतात, ते पोलिस आयुक्तालयात लेखी विचारा. हद्द ग्रामीण असेल तर अधीक्षक कार्यालयात.

पहिल्या दिवसापासून आज्ञा एकाच्याच तोंडून: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. माणूस लक्ष्याकडे जाण्याआधी प्रत्येक रायफल बाकावर, ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडी, नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. ‘रिकामीच आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. वीज गेली की लगेच स्टॉप.

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी ६ ते ९ ठेवा. जाड कॅनव्हासच्या जॅकेटमध्ये दुपारी कुणी टिकत नाही. रायफलचा हवेचा सिलिंडर सावकाश भरा, बहुतेकांची दाबाची मर्यादा २०० बार असते. घाईने भरला तर तापतो, आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. तो उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका. सिलिंडरवरची तारीख बघा. स्पर्धेत १० वर्षांपुढचा चालत नाही.

रेंजमध्ये खाणं-पिणं बंद. शिशाची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं दुसरीकडे वापरू नका. जाताना सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मुलांनी तर हटकून. ट्रेमधलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवा आणि शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारकालाच द्या.