'द' कुठे लावायचा, कुठे गाळायचा

"दार लाव" म्हटलं की कुठलं दार हे ऐकणाऱ्याला समोर दिसतंच. म्हणून मराठीत 'दार' एवढंच पुरतं. इंग्रजीत मात्र तेवढ्यासाठी एक शब्द खर्ची घालावा लागतो: 'क्लोज द डोअर'. ही सवय नसल्याने सुरुवातीला आपला 'द' सुटतो. कुणी चूक दाखवली की मग तो दिसेल त्या नामाला चिकटायला लागतो, आणि ही दुसरी चूक कानाला जास्त खटकते.

नामाआधी एकच तपासा: ऐकणारा 'कुठलं?' असं विचारेल का? विचारणार असेल तर 'द' नको. 'आय बॉट अ फ्रिज' म्हणताना फ्रिज त्याला नवा आहे. पुढच्या वाक्यात तोच ओळखीचा झाला: 'द फ्रिज इज टू नॉइझी'. एकदा फ्रिज आला की 'द डोअर', 'द वॉरंटी' हे पहिल्यांदाच उच्चारलं तरी चालतं. फ्रिज म्हटला की दार आलंच. 'द सन', 'द फर्स्ट डे', 'द बेस्ट होटेल' यांतही 'कुठला?' हा प्रश्न उरत नाही.

खरा घोळ सरसकट विधानांत होतो. आंबे आवडतात, एवढंच सांगायचं असेल तर 'आय लाइक मँगोज'. 'द मँगोज' म्हणालात तर समोरचा पेटी शोधायला लागेल. तुम्ही पाठवलेले ठरावीक आंबे असतील तर 'द मँगोज यू सेंट वेअर स्वीट'. 'लाइफ इज शॉर्ट', 'एज्युकेशन इज एक्स्पेन्सिव्ह' यांत 'द' घुसवू नका. 'सोसायटी'चा प्रकार तर मजेशीर आहे. 'सोसायटी इज चेंजिंग' म्हणजे समाज बदलतोय. 'द सोसायटी हॅज रेझ्ड द मेंटेनन्स' म्हणजे तुमच्या बिल्डिंगची कमिटी!

मुलगा शिकायला गेला की 'ही इज ॲट स्कूल'. पालक फी भरायला गेले की 'दे वेंट टू द स्कूल'. जागा त्याच कामासाठी वापरली तर 'द' नाही, नुसती इमारत म्हणून गेलात तर आहे. हॉस्पिटलच्या बाबतीत मात्र ब्रिटिश आणि अमेरिकन वेगळे: ॲडमिट असलेल्या पेशंटला ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. ऑफिस, बँक, देऊळ यांना ही सवलत नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'आय ॲम गोइंग टू ऑफिस' तिकडे 'टू द ऑफिस' असतं. 'गो होम' मात्र मोकळंच.

'द पुणेज वेदर' ही हमखास होणारी चूक. 'चा-ची-चे' पुण्यासारख्या विशेषनामाला लागलं की 'द'ची जागा भरलेली असते: 'पुणेज वेदर', नाहीतर 'द वेदर इन पुणे'.

नावांचं गणित पाठच करा. नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना 'द' लागतो: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द सह्याद्रीज'. एकटं शिखर किंवा तलाव असेल तर नाही: 'कळसूबाई', 'रंकाळा लेक'. देशांना सहसा नाही, पण 'द नेदरलँड्स', 'द फिलिपिन्स', 'द युनायटेड स्टेट्स'.

तर्क न लावता घोकायच्या काही जोड्या: 'इन द मॉर्निंग' पण 'ॲट नाइट', 'ऑन द ट्रेन' पण 'बाय ट्रेन', 'प्ले द तबला' पण 'प्ले क्रिकेट'. 'हॅव लंच'मध्येही 'द' नाही.

बोलताना पुढचा आवाज ऐका, स्पेलिंग पाहू नका. स्वराचा आवाज असेल तर 'दी', नाहीतर 'द'. म्हणून 'दी अवर', कारण तिथला एच मुका. आणि 'द युनिव्हर्सिटी', कारण सुरुवात 'य'ने होते.