साठीनंतर नुसतं चालणं पुरत नाही: पायांतली ताकद कशी राखावी

रोज तासभर चालणाऱ्यालाही खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, ते का? चालण्याने दम टिकतो, हृदयाला फायदा होतो. मांड्यांची ताकद मात्र त्याने फारशी वाढत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. म्हणून ठेच लागली की दुसरा पाय वेळेत पुढे पडत नाही.

आधी स्वतःला तपासा. सुमारे ४३ सेंमी उंचीची, बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. हात टेकावे लागले तर आकडा शून्य धरायचा. ६५ ते ६९ वयात पुरुषांचा आकडा १२च्या आणि स्त्रियांचा ११च्या खाली असेल, तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

व्यायामही हाच. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, श्वास सोडत जोरात उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. ८ ते १० वेळा केलं की दोन मिनिटं थांबा. अशा दोन-तीन फेऱ्या, एक-दोन दिवसांआड. शेवटच्या दोन उठण्यांना कष्ट पडायला हवेत. सहज जमत असेल तर एक-दोन किलो वजन छातीशी धरा. जमतच नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.

चुका ठरलेल्या असतात. पाय फार पुढे असले की शरीराचा भार पावलांवर येत नाही आणि माणूस मागे कलंडतो. शेवटी धपकन बसलं, तर उतरतानाचा निम्मा व्यायाम वाया जातो, मणक्याला हिसका बसतो तो वेगळाच. श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो. गुडघे आत वळत असतील तर पावलं थोडी फाकवा.

तोलासाठी आठवड्यातून किमान तीन दिवस द्या. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून, समोर खुर्ची ठेवून उभे राहा. आधी पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला बोटं लावून एका रेषेत, शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरी १० सेकंद न डगमगता जमली की मगच पुढची.

छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या दुखणं ठीक. सांधा दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर फेऱ्या कमी करा.

वय झालं, आता काय उपयोग, ही सबब टिकत नाही. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या नऊ अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आजारपणात आठ-दहा दिवस अंथरूण धरलं, तर मांड्या भराभर सुकतात. परतताना जुन्या आकड्यावर जाऊ नका. निम्म्यापासून सुरू करा.