ई-रीडर घेण्याआधी फाइल कुणाच्या हातात राहणार ते बघा

ओळखीचं कुणी ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायला निघालं की मी आधी विचारते, वाचणार काय? इंग्रजी की मराठी? यंत्र त्यावर ठरवावं, किंमत नंतर बघावी.

इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचणाऱ्याला ॲमेझॉनचं किंडल सोयीचं. ठाण्याला स्लो लोकलमध्ये चढताना घेतलेलं पुस्तक मुलुंड यायच्या आत उघडतं, आणि खिडकीतून ऊन आलं तरी ई-इंकवरची (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावरची) अक्षरं स्वच्छ दिसतात. पण किंडलमध्ये ईपब (ई-पुस्तकांचा सर्वात रूढ फाइल-प्रकार) केबलने टाकली तर उघडत नाही. ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या सेवेने पाठवावी लागते. कोबो हे दुसऱ्या कंपनीचं यंत्र ईपब थेट वाचतं. ओनिक्स बूक्ससारख्या यंत्रांत अँड्रॉइड असल्यामुळे मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्या बुकगंगासारखी ॲपही घालता येतात, फक्त त्यांची बॅटरी लवकर उतरते.

मराठीसाठी मात्र यंत्र हातात घेऊन तपासाच. ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘वाङ्मय’, ‘लक्ष्मी’ हे शब्द असलेली छोटी फाइल उघडा. जोडाक्षरं तुटत असतील तर ते यंत्र नको. मराठीत मोफत मिळणारी पुष्कळ पुस्तकं पीडीएफ असतात, आणि ६ इंची पडद्यावर ए-फोर पान म्हणजे मुंग्यांची रांग. जुन्या पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये असतात; त्यांचं ईपब करायला गेलं तर अगम्य चिन्हं उमटतात. आईसाठी मी म्हणूनच १० इंची घेतलं.

आता मालकी. ‘विकत घ्या’ असं बटण दाबलं तरी किंडलच्या अटींनुसार आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑरवेलच्या ‘१९८४’च्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या होत्या, पैसे परत दिले, पुस्तक गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही तेच. फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही गेली. मला याचा खरोखर त्रास होतो. आजीच्या कपाटातली पुस्तकं कुणालाही न विचारता माझ्याकडे आली. माझं किंडलचं खातं तसं कुणाच्या नावे करता येत नाही.

म्हणून खरेदीआधी दुकानातल्या पुस्तकाच्या पानावर डीआरएम, म्हणजे फाइलची प्रत करू न देणारं कुलूप, आहे का ते वाचा. नसेल तर फाइल त्याच दिवशी संगणकावर उतरवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आपल्या ई-पुस्तकांच्या नोंदी ठेवायला कोविद गोयल यांनी केलेलं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम; ईपबचं किंडलला चालणारं रूपही त्यातच करता येतं. कुलूप असेल, तर एकदा वाचण्यापुरतं जेवढं भाडं द्याल तेवढेच पैसे मोजा. पुन्हा पुन्हा लागणारं, मुलांना द्यायचं पुस्तक कागदावरच घ्या.

जुन्या मराठी लेखकांसाठी पैसे टाकण्याआधी साल बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांनी लिहिलेलं २०११ पासून सर्वांचं. अशी पुस्तकं आधी मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. तिथे नसतील, तर १८९३ पासून चालू असलेलं आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे सभासद व्हा.