नर्सिंगसाठी कर्ज काढताय? आधी पहिल्या पगाराचा हिशोब मांडा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात डिचोली-साखळी बाजूला दर वर्षी तेच, कोणीतरी मामा नाहीतर शेजारचे काका घरी येऊन सांगतात, पोरीला नर्सिंगला घाल, नोकरी पक्की. नोकरी मिळते हे खरंय, पण किती पगाराची ते कोणी बोलत नाही. मी स्वतः कर्ज काढून गोव्याबाहेर बीएस्सी नर्सिंग केलं आणि हा हिशोब नोकरी लागल्यावर मांडला, म्हणजे चार वर्षं उशिरा. तुम्ही अ‍ॅडमिशनच्या आधी मांडा, एक कागद आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरे.

पहिलं म्हणजे सरकारी पगार डोक्यातून काढा. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या स्टाफ नर्सचा सुरुवातीचा मूळ पगार ४४,९०० आहे आणि सगळे तोच आकडा धरून कर्जाला बसतात. पण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोस्ट निघणार, परीक्षा होणार, लिस्ट लागणार, तोपर्यंत खाजगीतच काम करावं लागतं आणि हप्ता तेव्हाच सुरू होतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला निदान २०,००० द्यावेत असं सुचवलं होतं. सुचवलं होतं हां. माझी पहिली ऑफर त्याच्याहून कमी होती, नाव नको.

तरी २०,००० धरूया. बेसिक १५,००० असेल तर पीएफचे १,८०० जातात, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे १५०, हातात आले १८,०५०. आता यातून रूमचं भाडं काढा, कारण दुपारची ड्युटी सुटेपर्यंत गावाकडची शेवटची कदंबा बस गेलेली असते, नाईटचं तर विचारूच नका, म्हणजे एकतर पर्वरी-म्हापशाला रूम नाहीतर स्कूटर आणि पेट्रोल. म्हणून माझं मत असं की हप्ता हातातल्या पगाराच्या पावपटीच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे साधारण ४,५००.

आता उलटं जायचं. व्याज १० टक्के धरलं आणि १० वर्षांची मुदत घेतली तर लाखाला हप्ता पडतो १,३२० च्या आसपास. म्हणजे ४,५०० मध्ये फेडता येतं फक्त ३ लाख ४० हजार. आणि इथेच सगळे फसतात, कारण हे ३ लाख ४० हजार म्हणजे तुम्ही घेतलेलं कर्ज नव्हे, फेड सुरू होते त्या दिवशीचं कर्ज. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मात्र चालूच असतं. समजा ५ लाख घेतले, दर वर्षी सव्वा लाख असे चार वेळा, तर पाच वर्षांत सरळ व्याजच १ लाख ७५ हजार होतं आणि फेडायला लागताना डोक्यावर ६ लाख ७५ हजार. १० वर्षांसाठी हप्ता ८,९०० च्या वर, म्हणजे अर्धा पगार गेला. या हिशोबाने २०,००० च्या नोकरीला खरं झेपणारं कर्ज आहे अडीच लाख. ऐकायला वाईट वाटतं पण तेवढंच. वडिलांना जमत असेल तर कोर्स आणि वरचं एक वर्ष चालू असतानाच व्याज भरा, ३ लाख ४० हजारावर पहिल्या वर्षी महिन्याला सातशेच्या आसपास, कोर्सच्या शेवटच्या वर्षापासून अठ्ठावीसशेच्या आसपास, मग तेच अडीच लाख ३ लाख ४० पर्यंत ताणता येतात.

बँकेत जायच्या आधी जीईडीसीकडे जा, म्हणजे गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, त्यांची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, चतुर्थीच्या तोंडावर मामलेदार ऑफिसात धावपळ नको. बँकेचंच घ्यायचं तर घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज सवलतीबद्दल मॅनेजरला विचारा, स्वतःहून ते सांगतीलच असं नाही.

सीट बघताना आधी बांबोळीचं सरकारी कॉलेज, मग गोव्यातलं खाजगी जिथून घरून जाता येईल, आणि बेळगाव-बंगळुरू सगळ्यात शेवटी. बाहेर फी कमी दिसते पण हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पोस्टिंगची बस, परीक्षा फी हे सगळं वेगळं, चारही वर्षांचं लेखी मागा. कॉलेज कुठलंही असो, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का बघा. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, फी एक वर्षाची कमी आणि पगार एक वर्ष आधी, छोट्या हॉस्पिटलात सुरुवातीला बीएस्सीपेक्षा फार फरक मला तरी दिसला नाही. पण एम्सची परीक्षा द्यायची असेल तर जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्यांना नाही, तेही बघून ठरवा.

गल्फचा पगार या कागदावर लिहूच नका, तिथल्या बहुतेक जाहिराती आधी दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि हप्ता तोपर्यंत थांबत नाही. आणि पहिल्या नोकरीत ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल फक्त दाखवून परत घ्या. माझी अकरा महिने अडकली होती आणि त्या काळात चांगली ऑफर आली तरी जाता आलं नाही.